नाल्याकाठची आफ्रिका

दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने एकदाच ‘टक्’ असे वाजे. उठून दार उघडावे, तर बाहेर कोणी नसे. तोवर तो आवाज पुढच्या दारावर गेलेला असे, तिथून त्याच्याही पुढच्या. नळाला पहिले पाणी येण्याच्या सुमारास आमच्या गल्लीत हा आवाज रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि तसाच परत येई. नवा भाडेकरू दचके. जुने लोक कूस बदलून त्याला सांगत, “सो जा भैया, दीदी अफ्रीका जा रही हैं.”

वाचकहो, पाठांतर करणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. कोणी डोलत घोकतो, कोणी डोळे मिटून पुटपुटतो. दीदी यांपैकी काहीच करीत नसत. लक्षात राहावेत म्हणून लोकांच्या घरांत त्या देश ठेवीत, फडताळात डबे ठेवावेत तसे. कोणी त्यांच्यासमोर “आठवत नाही” असे म्हटले की त्यांचा जीव खालीवर होई. “आठवत नाही म्हनू नका. ठेवलं कुठं, ते सांगा,” हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. हरवलेल्या किल्लीपासून विसरलेल्या पाहुण्याच्या नावापर्यंत सर्वांना त्यांचा हाच न्याय लागू असे.

हिंदी मुलखातल्या शहराच्या घमापूर वस्तीतील आमची गल्ली तेव्हा एका बाजूने नाल्याला लागून होती. उजव्या हाताच्या घरांची पाठ नाल्याकडे, डाव्या हाताच्या रांगेची पाठ कोरड्या जमिनीकडे. हँडपंपापाशी गल्ली डावीकडे वळत असे. नकाशात पश्चिम आफ्रिकेचा किनाराही उत्तरेकडून खाली येऊन तसाच वळतो, हे एके दिवशी दीदींच्या लक्षात आले आणि त्या क्षणापासून नाल्याचा अटलांटिक महासागर झाला. नाल्याकडची घरे किनाऱ्यावरचे देश झाली. समोरची, म्हणजे आमची रांग, समुद्र नसलेल्या देशांकडे गेली.

एका मोठ्या घराच्या पोटातून एक अरुंद, लांबट खोली थेट नाल्यापर्यंत गेली होती आणि तिच्यात वेगळा भाडेकरू राहत असे. ते घर सेनेगल आणि ती खोली गाम्बिया. किराणा दुकानाच्या बरण्यांत चॉकलेटे असत, म्हणून कोको पिकवण्यात जगात पहिला असलेला आयव्हरी कोस्ट तिथे बसला. त्याच्यापुढे सोनाराचे घर होते. घानाच्या किनाऱ्याला इंग्रज पूर्वी सोन्याचा किनारा म्हणत. सोनारापलीकडे दोन भावांनी एकच घर उभे चिरून वाटून घेतले होते. दोन्ही हिस्से इतके बारीक की आत खाट आडवी मावत नसे. ते टोगो आणि बेनिन. शेवटी बडी बाईंचे घर. त्यात किती माणसे राहतात हे खुद्द बडी बाईंनाही मोजल्याशिवाय सांगता येत नसे. तो नायजेरिया.

माझ्या वाट्याला माली आला.

इथे माझ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मी कचेरीच्या आवारात टेबल टाकून अर्ज लिहितो. शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले, तथापि मसुदा कसा बांधावा हे मला कळते, आणि नव्याने आलेले वकील जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून एखादा शब्द विचारून घेतात, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. दिवसभर हिंदीत लिहावे लागते. मराठी घरापुरती उरली आहे, म्हणून ती लिहिताना मी अधिक जपून लिहितो. तर, मलाच माली का, असे मी दीदींना विचारले.

“मालीमध्ये टिंबक्टू हाये ना दादा. जुन्या हस्तलिखितांचं गाव. तुमच्या घरी पन कागदच कागद. वहिनी कपडे ठेवाले जागा मागून राहिल्या, न तुम्ही तिथं अर्जाच्या नकला ठेवून राहिले.”

हे उत्तर मला पसंत पडले. परंतु त्यांनी पुढे पुस्ती जोडली, “घर माली हाये. तुम्ही सोता बोलिव्हिया.”

“ते कसे?”

“त्याले समुद्र नाही, पन आरमार हाये.”

माझ्या काळ्या जाकिटाकडे पाहून त्या हसत होत्या. मी यथावकाश चौकशी केली. बोलिव्हियाला खरोखरच समुद्र नाही आणि खरोखरच आरमार आहे. एका मोठ्या सरोवरात ते सज्ज असते. सज्ज असणे ही हसण्याची गोष्ट नव्हे, असे मी दीदींना दुसऱ्या दिवशी सुनावले. “तेच त म्हनली मी,” असे म्हणून त्या पुढच्या चौकटीकडे गेल्याही.

दीदी रिछाईच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात. दिवसभर उभ्याने खोकी बांधून आलेला मनुष्य घरी येऊन बसेल. दीदी येऊन चालू लागत. लग्न मोडल्यावर त्या भावाकडे परतल्या होत्या. भावाचे घर गल्लीच्या अगदी तोंडाशी, नाल्याच्या बाजूला. आतल्या खोल्या भावाच्या संसाराने भरलेल्या, म्हणून दीदींची खाट पुढच्या पडवीत, सायकल आणि गॅसची टाकी यांच्या मध्ये. सकाळी सायकल निघायची तर ती खाट उचलून भिंतीशी उभी करावी लागे. एवढ्या पहाटे त्यांचे पाय चालू लागत, त्याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

त्यांना सरकारी वसतिगृहाच्या अधीक्षिकेची नोकरी हवी होती. पगाराविषयी मी त्यांच्या तोंडून फारसे ऐकले नाही. त्या नोकरीबरोबर राहायला खोली मिळते, हे मात्र पुष्कळदा ऐकले. “तिले आतून कडी राह्यते, दादा,” असे त्या म्हणत, आणि म्हणताना अंगठा व बोट यांनी हवेत कडी सरकवून दाखवीत. परीक्षेला त्या पूर्वी बसल्या होत्या आणि प्रत्येक वेळी सामान्य ज्ञानाच्या पेपरात अडल्या होत्या. वयोमर्यादेने आता एकच खेप शिल्लक ठेवली होती.

“तुमच्या भावाच्या घरात कोणता देश ठेवलात?” मी एकदा विचारले.

“पश्चिम सहारा,” चपलेच्या टोकाने माती उकरत त्या म्हणाल्या. “नकाशात तिथं नुसत्या रेघा रेघा मारल्या राह्यते. कोनाचं हाये, ते ठरलं नाही अजून.”

गल्लीला ही व्यवस्था हळूहळू उमगली आणि मग गल्लीला स्वस्थता राहिली नाही. बातम्यांत एखाद्या देशाचे नाव आले की त्या घरी जाऊन कोणीतरी विचारी, “क्यों, तुम्हारे यहाँ क्या हो गया?” फुटबॉलच्या दिवसांत सेनेगलवाले आणि सोनार एकमेकांशी धड बोलत नसत. बडी बाई तर प्रत्येक पाहुण्याला सांगत, “सबसे ज़्यादा आदमी हमारे ही देश में हैं.” गाम्बियाचा भाडेकरू खोली सोडून गेला, तेव्हा दीदी घरमालकाच्या मागे लागल्या. “दुसरा आना लवकर. देश खाली राह्यते का कधी?”

सर्व काही सुरळीत चालले होते. अशातच टोगो आणि बेनिन यांनी घरे बदलली.

थोरला भाऊ टोगो. त्याची भिंत सोनाराला लागून. धाकटा बेनिन, त्याची भिंत बडी बाईंना लागून. थोरला रात्रपाळीचा चौकीदार होता. त्याला दिवसा झोपावे लागे आणि दिवसा भिंतीपलीकडे सोनाराची हातोडी चाले. त्याने धाकट्याला गळ घालून हिस्सा बदलून घेतला. सोनाराची टकटक सुटावी म्हणून आपण अख्खा नायजेरिया उशाशी घेतला आहे, हे त्याला पहिल्याच दुपारी कळले असावे. परंतु तो हट्टी होता, कबूल करीत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवरचा आवाज सोनारापर्यंत आला आणि थांबला. मी बाहेर येऊन पाहिले. दीदी दोन बारीक दारांच्या मध्ये उभ्या होत्या. हात उचललेला, पेर हवेत.

“भैया, परत बदला,” त्या थोरल्याला म्हणत होत्या. “परीक्षेपर्यंत त बदला.”

तो पाळीवरून नुकताच आलेला, डोळे लाल. “दीदी, आमच्या वाटनीत तुमची आफ्रिका काहून आनता?”

“मंग टोगो कोन, ते सांगा. तुम्ही, का हे घर?”

“टोगो झोपून राहिला म्हना!” आणि त्याने दार लावून घेतले.

धाकटा आपल्या बकरीला पाला घालीत होता. “मले कोनतंही चालते दीदी. टोगो बी चालते, बेनिन बी चालते. फक्त हिले विचारून घ्या एकडाव.”

गल्ली हसली. दीदी हसल्या नाहीत. देश घरात ठेवला होता की माणसात, हा प्रश्न त्यांना चावू लागला. एका फेरीला त्या म्हणत, घाना, टोगो, बेनिन. परतीच्या फेरीला क्रम फिरलेला असे. पाणी भरताना, कारखान्याच्या बसची वाट पाहताना त्यांची बोटे एकमेकांवर वाजत राहत. एका जागी बसून नकाशा पाहावा आणि शिस्तीत घोकावे, असा सल्ला मी दिला आणि अंगणात खुर्ची टाकून दिली. त्या बसल्या. प्रथम गुडघा हलू लागला, मग टाच, मग खुर्ची. काही वेळाने पाहतो तो खुर्चीवर नकाशा एकटाच बसलेला.

“कागदावर सारे चपटे दिसते दादा,” गल्लीतून आवाज आला. “तिथं कोनी राह्यतच नाही.”

त्याच सुमारास पालिकेची माणसे आली. नाला रुंद व्हायचा होता. नाल्याकडच्या रांगेवर लाल खुणा पडल्या आणि प्रत्येक कुटुंबाला नव्या वसाहतीत एक फ्लॅट मिळेल असे सांगण्यात आले. दीदींचा भाऊ तो पाहून आला. फ्लॅट चांगला आहे, म्हणाला. एक खोली आणि स्वयंपाकघर. पडवी नाही. दीदींनी पडवीतली आपली खाट भिंतीशी उभी केली आणि त्या बाहेर पडल्या. त्या दिवशी त्यांच्या फेऱ्या थांबेनात.

घरोघरची नोंद करायला जो मुकादम आला, त्याला कोणीतरी सांगितले की गल्लीची खडान्‌खडा माहिती दीदींना आहे. त्या त्याच्याबरोबर निघाल्या. मीही निघालो, कारण अशा प्रसंगी लिखापढीची जाण असलेला इसम हजर असणे इष्ट असते.

“इस मकान में कौन रहता है?” मुकादमाने मान खाली घालून विचारले.

“सेनेगल,” दीदी म्हणाल्या. त्यांचे लक्ष पुढच्या दाराकडे होते.

“किरायेदार?”

“गाम्बिया.”

मुकादमाने लिहून घेतले. थोडे पुढे गेल्यावर त्याला शंका आली. “साउथ के लोग हैं क्या?”

“नहीं, वेस्ट के.”

मी मध्ये पडून यथायोग्य खुलासा केला, तेव्हा कुठे त्याने कागद बदलला. दीदी ओशाळल्या नाहीत. त्यांना एवढेच विचारायचे होते, “भैया, तोड़ना किधर से शुरू करोगे?” त्याने बडी बाईंच्या टोकाकडे पेन दाखवले. “म्हनजे पहिले नायजेरिया,” त्या पुटपुटल्या.

रांगेच्या वतीने मी अर्ज केला. मसुदा उत्तम होता. त्याने नाला थांबला नाही, परंतु सामान हलवायला मुदत वाढवून मिळाली. त्याचे श्रेय मला कोणी दिले नाही, तरी कागद बोलतो.

सर्वांत आधी ते दोघे भाऊ निघाले. पनागरला त्यांच्या आत्याचे घर रिकामे होते. फ्लॅटची किल्ली मिळेपर्यंत तिथे राहायचे ठरले. एकाच टेंपोत दोघांचे सामान चढले. थोरला पुढे ड्रायव्हरपाशी बसला. घरे बदलल्यापासून तो बडी बाईंच्या भिंतीला भिंत लावून राहत होता, तरी निरोप घ्यायला खाली उतरला नाही. बसल्या जागेवरून हात हलवला. धाकटा मात्र आपल्या दारातून निघाला, भावाचे दार ओलांडले आणि बकरीची दोरी धरून बडी बाईंपुढे उभा राहिला.

“बड़ी बाई, ये आप रखो. आपकी ही दीवार से पीठ खुजा-खुजा के बड़ी हुई है.”

“दीवार तो जा रही है रे,” बडी बाई म्हणाल्या.

“इसीलिए तो. बकरी रख लो.”

बडी बाईंनी पुलापलीकडे अंगण असलेले घर पाहून ठेवले होते. त्यांनी दोरी घेतली आणि पदर डोळ्यांना लावला. दीदी हँडपंपापाशी उभ्या होत्या. त्यांची बोटे प्रथमच स्थिर होती. मला वाटले, त्यांना वाईट वाटले असेल. तसे वाटले असेलही.

परीक्षेच्या दिवसापर्यंत ते टोक पूर्ण पडले होते. आमच्या रांगेतून आता सरळ पाणी दिसे. मालीला समुद्र लागला, असे मी दीदींना म्हणालो. एरवी त्या हसल्या असत्या. केंद्रावर मी त्यांच्यासोबत गेलो. प्रवेशपत्र, ओळखपत्र, सही, हे सर्व मी फाटकाशी पुन्हा तपासले आणि तिथेच थांबलो. आत त्या बसल्या होत्या आणि बाहेर माझ्याने बसवत नव्हते.

सुटल्यावर त्या बाहेर आल्या त्या चालतच. मी मागून जवळजवळ धावत होतो.

“बाई ओरडली माह्यावर,” त्या सांगू लागल्या. “पैर मत हिलाओ, पूरी बेंच हिल रही है, म्हने. मी त बेंचाखाली चालत होती ना दादा. आपल्या गल्लीतून.”

“प्रश्न काय आले ते सांगा.”

“आला ना. नायजेरियाच्या पश्चिमेले लागून कोनता देश? टोगो बी लिवला होता खाली, न बेनिन बी.”

“मग?”

“मंग घर पाहाले गेली त घरच नाही. मलबा. टोगोचं बी नाही, बेनिनचं बी नाही. मी म्हनलं, गेली आपली खोली. तशीच पुढं गेली त बकरी दिसली.”

“बकरी?”

“थोरला बाजूले राहून खाली उतरला नाही. धाकटा भावाचं दार ओलांडून दोरी द्याले गेला. मंग शेजारी कोन झाला, सांगा बरं? बेनिनचा गोल काळा केला.”

“आणि बाकीचे?”

“मोडलेल्या घरांतले सारे आले. तुमच्या बाजूले घोळ झाला. बुर्किना फासोनं दिवाळीत भिंतीले हिरवा रंग काहून मारला, देव जाने, घर वळखूच नाही आलं.”

निकाल लागेपर्यंत भावाचे घरही पडले. भाऊ फ्लॅटवर गेला. माझ्या पत्नीने मला न विचारता नकलांची एक चवड माळ्यावर टाकली आणि त्या जागी दीदींची खाट लावली. “कागद हलवू नका वहिनी, मी त चालतच राह्यते,” दीदी म्हणत होत्या. पत्नीने ऐकले नाही. अशा रीतीने टिंबक्टूत माणूस राहायला आला. सकाळी ही खाट उचलायची गरज नव्हती, तरी दीदी ती भिंतीशी उभी करून ठेवीत.

त्यांची निवड झाली. नेमणूक मंडल्याकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात मिळाली. निघायच्या दिवशी बॅग माझ्या हाती देऊन त्यांनी गल्लीतून शेवटची फेरी मारली. आमच्या बाजूच्या प्रत्येक चौकटीवर पेर वाजले. परतताना त्या समोरच्या बाजूने आल्या. तिथे चौकटी नव्हत्या, नाल्याच्या नव्या कठड्यापर्यंत सपाट जमीन होती. तिथेही त्या पावलापावलाने थांबल्या, प्रत्येक ठिकाणी हात उचलला आणि बोट हवेत वाजवले. आवाज झाला नाही.

त्यानंतर नळाच्या वेळेला मला जाग येते आणि मी उगाच दार उघडतो. गल्लीतून आता रुंद रस्ता गेला आहे.

परवा धाकटा भाऊ माझ्या टेबलाशी आला. फ्लॅटच्या किल्लीसाठी अर्ज लिहायचा होता. रांग मोठी, मी घाईत, मान वर न करता विचारले, “तुम्ही टोगो ना?”

त्याला राग आला. सर्वांसमोर म्हणाला, “काय वकीलसाहेब! टोगो भैया हाये. मी बेनिन. नायजेरियाच्या बाजूचा!”

रांगेतले लोक आमच्याकडे पाहू लागले. मी पेन खाली ठेवले आणि तिथूनच दीदींना फोन लावला. त्या पुष्कळ हसल्या. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता आणि पावलांचा आवाज.

“चालता आहात का?”

“राउंड घेऊन राहिली. पोरींसाठी इथल्या खोल्यांत दक्षिण अमेरिका ठेवली आता.”

“बोलिव्हिया कुठे ठेवलात?” हे विचारणे मला प्राप्तच होते.

“ऑफिसात. फाईलींच्या मधी.”

“आणि,” मी विचारले, “तुमच्या स्वतःच्या खोलीत?”

एक दार वाजले आणि पावले थांबली. गलका मागे राहिला.

“तिथं कोनताच देश नाही ठेवला, दादा. तिथं मी राह्यते.”

मग मला फोनमध्ये कडी सरकल्याचा आवाज ऐकू आला.